आमची वाटचाल : दोर्दोन्यच्या पाणंदीतून

मिरजेत माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, ओव्हरऑइल करायचं, चाकाचा आउट काढायचा. तीन बहिणींत मी धाकटी, आणि त्यांच्या हाताखाली मीच बसायचे. त्यांचा स्पोकचा गोल पाना आज फ्रान्समधल्या पेरिगोर भागात, माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. शेजारी नवे, महाग पाने आहेत, तरी चाक हलायला लागलं की हात आधी त्याच्याकडेच जातो. वडील तारेला टिचकी मारून ताण ओळखायचे. सैल तार बद्द वाजते, ताणलेली खणखणते. अजून मी तसंच ऐकते आणि मगच मीटर लावते.

नवऱ्याच्या विमान कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही 2009 साली तुलूझला आलो. सुट्टी मिळाली की उत्तरेला दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात जायचो. नदीच्या एका काठावर बेनाकचा किल्ला आणि समोरच्या काठावर कास्तेल्नोचा. शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे, दुसरा बराच काळ इंग्रजांकडे. ऑक्टोबरच्या सकाळी खोरं धुक्याने भरतं आणि फक्त दोन्हीकडचे बुरूज वर दिसतात. पण मला ओढ लागली ती किल्ल्यांपेक्षा त्यांच्यामधल्या वाटांची. पांढऱ्या चुनखडीच्या, बैलगाडीएवढ्या रुंद, दोन्ही बाजूंना अक्रोड नाहीतर चेस्टनट. आपल्याकडच्या पाणंदीच त्या. रोड सायकलला तिथे टायर पुरत नाही आणि माउंटन बाइक तिथे उगाच जड पडते. अशा कच्च्या वाटांसाठीच्या, जरा रुंद टायरच्या सायकलींना ग्रॅव्हल म्हणतात, पण तेव्हा हा शब्द या भागात कोणी फारसा बोलत नव्हतं.

2015 मध्ये सार्ला गावाबाहेर सहा सायकलींवर दुकान उघडलं. जागा म्हणजे अक्रोड वाळवायची जुनी कोठी. मालक सत्तरीच्या पुढचे शेतकरी. घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, समोर अर्थात ‘मस्य’, म्हणजे महाशय. पहिल्या वर्षी त्यांनी भाडं सप्टेंबरनंतर घेतलं, कारण सीझनआधी हातात पैसा नसतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. लाकडी टेबलही त्यांचंच होतं. त्याला शिकंजा बसवला आणि काम सुरू झालं.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. इथे पैसे घेऊन सायकलवरून गट न्यायचा तर सरकारमान्य पदविका आणि व्यावसायिक ओळखपत्र लागतं. मुक्काम आणि प्रवास एकत्र बांधून विकायचा तर टूर ऑपरेटर म्हणून नोंदणी हवी आणि तिच्यासाठी आर्थिक हमी द्यावी लागते. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणून मी सायकल भाड्याने द्यायचे, मार्गाची जीपीएस फाइल आणि कागदी नकाशा द्यायचे. खोल्या ज्याच्या त्याने बुक करायच्या. म्हणजे माझी खरी मालमत्ता एकच होती, तो मार्ग.

तो बनवायला तीन हिवाळे गेले. सार्लाहून बेनाक, पूल ओलांडून कास्तेल्नो, गायिका-नर्तकी जोसेफिन बेकर राहायची तो मिलांदचा किल्ला, मग डोंगरमाथ्यावरचं बेल्वेस, बेसेदचं जंगल, कादुएंचा मठ, मोंपाझिए, आणि परत येताना दोम. तीन दिवस, साधारण 140 किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त कच्चं. दोम 1281 मध्ये फ्रान्सच्या राजाने वसवलं, मोंपाझिए 1284 मध्ये इंग्लंडच्या राजाने. दोघेही सरहद्द पक्की करायला तटबंदीची गावं उभारत होते. मोंपाझिएच्या बाजारकट्ट्यावर धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. तिथे घाई करू नका. कादुएंलाही अर्धा तास थांबा. तिथल्या मठातलं कापड येशूचं म्हणून शतकानुशतकं पुजलं गेलं आणि 1934 मध्ये कळलं की काठावरची नक्षी म्हणजे विणलेली अरबी अक्षरं आहेत.

नकाशावर रेघ ओढायला दहा मिनिटं लागतात. पण ती वाट सार्वजनिक आहे की खाजगी, पावसानंतर तिथे चिकण माती टायरला किती धरते, पाणी कुठे मिळतं, हे पायांनी शोधावं लागतं. इथे छोट्या गावात दुकान नसेल तर दफनभूमीच्या फाटकाजवळ नळ बघावा, बहुतेक ठिकाणी असतो. बेल्वेसनंतरच्या एका वस्तीत मी असाच मार्ग मुद्दाम दोनशे मीटर आत वळवून नळापर्यंत नेला होता आणि परत आणला होता.

जंगलाच्या तोंडाशी सव्वा किलोमीटरचा एकच तुकडा खाजगी होता. तिथे लिमुझीन जातीच्या गाईंचा गोठा. त्या मालकाकडे मी पाच वेळा गेले. पाचव्या वेळी त्यांनी होकार दिला, अट एकच, फाटक मागे लावायचं. कागद नाही, सही नाही. माझ्या प्रत्येक ग्राहकाला मी सायकल देताना ते फाटक तोंडाने सांगायचे आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचे.

2018 च्या वसंतात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या सायकल-टूर कंपनीने आमच्या भागात ‘किल्ले आणि मध्ययुगीन गावं’ अशी तीन दिवसांची सहल काढली. मी त्यांची फाइल उघडली आणि हात थंड पडले. बेल्वेसनंतर त्यांची रेघ दोनशे मीटर आत वळत होती, दफनभूमीच्या नळाला शिवत होती आणि परत येत होती. का वळते याचा एक शब्द नव्हता. आदल्या सप्टेंबरात दोन तरुण माझ्याकडून तीन दिवस सायकली घेऊन गेले होते, फार बारीक प्रश्न विचारत होते, हे तेव्हा आठवलं.

वकिलाने सांगितलं, वाटेवर कोणाचा हक्क नसतो. कबूल आहे. वाट माझी नाहीच. पण त्या गोठेवाल्याचा होकार माझा होता, आणि तो त्यांनी विचारलाही नाही. वीस-पंचवीसच्या गटाने जायचे. जूनमध्ये एका गटाने फाटक उघडं टाकलं. गाई शेजारच्या अक्रोडाच्या बागेत शिरल्या, दोन मोठ्या रस्त्यावर आल्या. दुसऱ्या दिवशी फाटकाला साखळी आणि कुलूप. मी गेले तेव्हा मालकांनी मला आत बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं, सायकलवाला म्हणजे आता सायकलवाला, कोण कुणाचा ते मी कसं ओळखू?

त्या कंपनीने आठवड्यात मार्ग डांबरी रस्त्यावर हलवला. त्यांना फरक पडला नाही. त्यांच्याकडे असे कितीतरी मार्ग होते, माझ्याकडे एकच. आणि मी त्याआधीच्याच हिवाळ्यात कर्ज काढून दहा नव्या सायकली घेतल्या होत्या.

कुलपापाशी पहिले अडकले ते माझे सगळ्यात जुने ग्राहक, नेदरलँड्सचे निवृत्त शिक्षक, दर वर्षी येणारे. सोबत पाच मित्र, वरून पाऊस. अकरा किलोमीटर उलटे फिरून, लाकडाच्या ट्रकांच्या रस्त्याने ते मुक्कामाला पोचले. संध्याकाळी फोन आला, तो फक्त कुलपाची जागा नीट सांगायला. पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. बाकीच्यांनी काढला, आणि त्यांचं बरोबर होतं. त्या उन्हाळ्यात मी नऊ बुकिंगचे पैसे परत केले. हप्त्यासाठी चार सायकली विकल्या, त्यातली एक माझी स्वतःची. नवरा म्हणाला तुलूझला परत जाऊ. मी दोन रात्री गप्प होते.

मग आजोबा म्हणाले, गोठ्याच्या खालून पूर्वी पाणचक्कीची वाट होती, त्यांचे वडील दळण घेऊन जायचे. नकाशात काहीच दिसत नव्हतं. मी नगरपालिकेत गेले. तिथल्या बाईंनी आजचे भूमापनाचे तक्ते काढले आणि मग नेपोलियनच्या काळात सुरू झालेल्या मोजणीचे जुने. दोन्हींत दोन समांतर रेघा होत्या. ग्रामीण वाट, कम्यूनच्या म्हणजे गावच्या स्थानिक संस्थेच्या मालकीची, लोकांच्या वापरासाठी. ज्यांनी गावाकडे सातबारा आणि पाणंदीची भांडणं पाहिली आहेत त्यांना कळेल मला त्या रेघा बघून काय वाटलं.

प्रत्यक्षात तिथे छातीएवढी काटेरी झुडपं. कम्यूनकडून साफ करायची परवानगी लेखी घेतली. 2019 च्या फेब्रुवारीत पाच रविवार आम्ही खपलो. नवरा झुडूप कापायचं मशीन घेऊन, मी करवत घेऊन, आजोबा कोयता घेऊन. ते मशीनच्या पुढे असायचे. तिसऱ्या रविवारी ते डच गुरुजी गाडी चालवत आले, हातमोजे घालूनच उतरले. काटे निघाल्यावर दोन्ही बाजूंना बिनचुन्याच्या दगडी भिंती उघड्या पडल्या, आणि खाली खडकात गाडीच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या. आजोबा त्यात पाऊल ठेवून बराच वेळ उभे राहिले.

ती वाट आजही आमच्या मार्गात आहे. 17 मार्च 2020 ला देश बंद झाला, तेव्हा सरकारी मदतीवर आणि गावकऱ्यांच्या जुन्या सायकली दुरुस्त करून निभावलं. नंतरची वर्षं बरी गेली. आता सोळा सायकली आहेत.

येणाऱ्यांना थोडं सांगते. 42 मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये सत्तर किलोच्या माणसाने तीस-पस्तीस पौंडांच्या (पीएसआय) वर हवा भरू नये. चुनखडीवर कडक टायर उडतो आणि हात बधिर होतात. ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, म्हणजे सीलंट, उन्हाळ्यात तीन-चार महिन्यांत सुकतं, स्वतःची सायकल आणणार असाल तर निघण्याआधी चाक कानाशी हलवून बघा. गिअरचा जादा हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा, खिशात ठेवा, तुमच्या मॉडेलचा इथे मिळेलच असं नाही. ऑक्टोबरात बागेत अक्रोड पडलेले असतात, ते कोणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे, त्यावरून चाक घालू नका. शिकारीच्या मोसमात भडक रंगाचं जाकीट घाला आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर मागे फिरा. आणि फाटक दिसलं तर ते जसं होतं तसंच ठेवून पुढे जा.

गोठ्याच्या फाटकावरची साखळी अजून आहे. दर जानेवारीत मी त्या मालकांना भेटायला जाते, सोबत बेसनाचे लाडू नेते. ते आवडीने खातात, साखळीचा विषय मी काढत नाही. खालच्या वाटेत यंदा पुन्हा काटे वाढलेत. पुढच्या रविवारी आम्ही जाणार आहोत, आणि आजोबांनी कालच कोयता माझ्याकडे धारेला आणून दिला.