मुळशीच्या पाण्यावर कुंडलिकेतून

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि दिवाळी उलटली की त्यांच्या पात्रातले गोटे उघडे पडू लागतात. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळून वाहणारी कुंडलिका मात्र जानेवारीतल्या सकाळीही फेसाळत धावते, आणि त्यामागचे कारण कळल्यापासून त्या नदीत उतरण्याची माझी इच्छा अधिकच बळावली होती. यंदाच्या थंडीत आम्ही काही मित्रमैत्रिणी पुण्याहून ताम्हिणी घाटाने खाली उतरलो, एक रात्र नदीकाठी तंबूत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राफ्टिंग केले.

हिवाळ्यात कुंडलिकेला जे उधाण येते, ते पाणी मुळात तिचे नव्हेच. ते मुळशीचे आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण बांधले गेले नसते, तर हे पाणी पुण्याकडे वाहत जाऊन पुढे भीमा आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला मिळाले असते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते अडवून घाटमाथ्यावरून पश्चिमेकडे वळवण्यात आले. बोगदा आणि मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोसळून ते भिऱ्याच्या वीजगृहातील जनित्रे फिरवते. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. तेथून सुटलेल्या पाण्यावर खाली रवाळजे येथे पुन्हा वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेच्या पात्रात येऊन अरबी समुद्राची वाट धरते. मुंबईला विजेची गरज लागली की जनित्रे फिरतात, जनित्रे फिरली की नदी भरते, आणि नदी भरली की राफ्ट पाण्यात उतरतात.

या धरणाची दुसरी बाजू मला विसरता येत नाही. मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची भाताची खाचरे आणि राहती घरे बुडणार होती, म्हणून १९२१ साली तेथे सत्याग्रह उभा राहिला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्याने दिली. मावळ्यांनी, त्यांच्या बायकांनी आणि पोरांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, तरीही धरण झालेच. पौड सोडून पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेने तो निळाशार जलाशय कितीतरी वेळ सोबत करतो. त्याच्या तळाशी गावे आहेत हे मी गाडीत सांगितले, तेव्हा आमच्यातल्या दोघांना ते प्रथमच कळत होते. पुण्यात वाढलेल्या माणसांना हे ठाऊक नसावे, याचे मला खरोखर वाईट वाटले.

दुपार कलता कलता आम्ही नदीकाठच्या तळावर पोहोचलो. त्या वेळी पात्र जवळजवळ कोरडे होते. काळ्या कातळांमधून पाण्याची एक अरुंद धार वाहत होती आणि पलीकडच्या काठावर गुरे चरत होती. तंबू मात्र पाण्यापासून बरेच वर, उंबराच्या झाडांपलीकडे ठोकलेले होते. आमच्या एका मित्राला तंबू अगदी पाण्याजवळ हवा होता. तळ सांभाळणाऱ्या काकांनी त्याला कातळावरची ओली, शेवाळलेली रेघ दाखवली आणि म्हणाले, "दादा, सकाळी पाणी इथवर येतं. या रेघेच्या खाली कुणीच झोपत नाही." धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या नदीत पाऊस न पडताही पाणी वाढते, हे शहरातून येणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घेतले पाहिजे. नदी शांत दिसते म्हणून कातळावर जाऊन बसणे आणि तिथेच पाय पसरणे जिवावर बेतू शकते.

रात्री पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लावायची होती. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा आल्या की शेतात आणि अंगणात पोपटी लागते. तिचा खरा स्वाद असा उघड्यावरच येतो, असे माझे ठाम मत आहे. काकांनी मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला पसरला, त्यावर वालाच्या शेंगा ओतल्या, जाडे मीठ आणि ओवा भुरभुरला आणि मध्ये केळीच्या पानात गुंडाळलेले मसाल्याचे चिकन, बटाटे आणि अंडी रचली. पाण्याचा थेंबही घातला नाही. तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबून त्यांनी मडके जमिनीवर उपडे ठेवले आणि भोवती गवत आणि काटक्या रचून जाळ केला. पोपटी झाली की नाही हे घड्याळावरून ठरत नाही. काकांनी तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. ते चर्र करून क्षणात उडून गेले, तेव्हा कुठे त्यांनी मडके जाळाबाहेर ओढले. पाला काढताच भांबुर्डीचा जो उग्र, किंचित कडवट सुगंध आला, तसा मसाल्याच्या कुठल्याही डब्यातून येणार नाही. शेंगा सोलताना बोटे भाजत होती, तरी कुणी थांबत नव्हते.

सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. आदल्या संध्याकाळी ज्या कातळांवर बसून आम्ही चहा घेतला होता, त्यांतला एकही दिसत नव्हता. काठोकाठ भरलेले पात्र हिरवट रंगाने वाहत होते आणि मधोमध पांढरे फेसाचे पट्टे उठत होते. जीपने आम्ही वर साजे गावाकडे गेलो. तेथे हेल्मेट आणि लाइफ जॅकेट मिळाले, आणि प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे गाइडने स्वतः ओढून पाहिले. जॅकेट खांद्याशी धरून वर खेचले तरी ते हनुवटीपर्यंत सरकता कामा नये, ही त्याची कसोटी होती. पाण्यात पडल्यास काय करायचे, हेही त्याने प्रत्येकाकडून वदवून घेतले. पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवायचे, आणि पाणी कमरेइतके वाटले तरी वाहत्या पाण्यात उभे राहायचे नाही, कारण पाय दगडांच्या सांदीत अडकला तर प्रवाह माणसाला पुढे ढकलून पाण्याखाली दाबतो.

राफ्टवर वल्हे मारताना जो थरार असतो, त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला त्याहून अधिक आवडले ते गाइडचे पाणी वाचणे. सगळ्यात मागे बसून तो नदी पुढे पुढे वाचत होता आणि निवांत पट्ट्यात आम्हाला शिकवतही होता. पाण्यावर गुळगुळीत त्रिकोण दिसला आणि त्याचे टोक खालच्या दिशेला असले, तर ती दोन अडथळ्यांमधली मोकळी वाट असते. टोक आपल्याकडे असले, तर तिथे पाण्याखाली खडक आहे असे समजावे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटे फिरते, आणि त्या आडोशाला राफ्ट आणली की भर प्रवाहातही ती थांबवता येते. सर्वांत नवलाची गोष्ट लाटांची. समुद्रात लाट पुढे सरकते. येथे मात्र पाणी धावत असते आणि लाट जागच्या जागी उभी असते, म्हणून गाइडला प्रत्येक लाट नावानिशी ओळखता येते. 'मॉर्निंग हेडेक', 'गुड मॉर्निंग बुद्धा', 'बूम शंकर' अशी नावे तो लाट येण्याआधीच पुकारत होता.

'गुड मॉर्निंग बुद्धा' आला तेव्हा "फॉरवर्ड, जोरात!" अशी आरोळी ऐकू आली. आम्ही वल्ही मारली, राफ्टचे नाक खाली गेले आणि पुढच्या क्षणी पाण्याची अख्खी भिंत अंगावर आली. अशा वेळी वल्हे पाण्यात रोवलेले असणे हाच आधार असतो. घाबरून ज्याचे वल्हे हवेत जाते, त्याचा तोल आधी जातो. तळाच्या भोकांतून राफ्टमधले पाणी आपोआप निघून गेले आणि आम्ही एकमेकांकडे पाहून नुसते ओरडत राहिलो. कुंडलिकेतले हे खळाळ साधारण दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीचे मानले जातात. सहा श्रेणींच्या मापात ते मध्यम ठरतात आणि पहिल्यांदा उतरणाऱ्यांना झेपतात. शेवटच्या संथ पट्ट्यात गाइडने आम्हाला पाण्यात उतरू दिले. पोहता न येणारी आमची मैत्रीण लाइफ जॅकेटच्या भरवशावर दोर धरून तरंगत राहिली आणि कामत गाव येईपर्यंत वर यायला तयार नव्हती.

कामतला राफ्ट काठावर ओढल्यावर मी गाइडला विचारले की वरून पाणी सुटलेच नाही तर काय होते. तो जवळच्याच गावातला तरुण होता. त्या दिवशी राफ्ट उतरत नाहीत आणि दिवसाची मजुरीही मिळत नाही, असे त्याने सांगितले. नदीचे भरणे आणि ओसरणे त्याला तोंडपाठ होते. मुळशीला मात्र तो 'वरचं धरण' एवढेच म्हणत होता. मी त्याला सत्याग्रहाविषयी जमेल तेवढे सांगितले. त्याने ते मन लावून ऐकले, साल पुन्हा एकदा विचारून घेतले, आणि पुढच्या मंडळींना राफ्टवर बसवताना हेही सांगेन, असे म्हणाला. मला त्याचा फार आनंद झाला. एवढे बोलून तो लगेच जीपमध्ये चढला, कारण दुसरी तुकडी वर वाट पाहत होती आणि पाणी ओसरण्याआधी तिला खाली आणायचे होते.