आमची वाटचाल : जुने फ्लॅट, विक्री आणि भाडं

आमचा मूळ धंदा घरदुरुस्तीचा. रंगकाम, प्लंबिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, किचन ओटा, फरशी, सगळंच. धायरी, वडगाव, हिंगणे, आनंदनगर या पुण्यातल्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात आमची जास्त कामं असतात. साईट धाकटे दीर बघतात, हिशोब, कागदपत्रं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. पण हल्ली कामाच्या चौकशीला आलेले लोक कोटेशन बाजूला ठेवून वेगळंच विचारतात, की ताई, थोडे पैसे साठलेत, जुना फ्लॅट घेऊन नीट करून विकू का भाड्यानं देऊ? आम्ही दोन्ही केलंय आणि अजून करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या धंद्यात आम्ही आलो तेच दुसऱ्याची कामं करता करता. एक गृहस्थ जुने वन बीएचके घ्यायचे, आम्हाला दुरुस्तीचं काम द्यायचे आणि फ्लॅट विकून मोकळे व्हायचे. दोन-तीन वेळा असं झाल्यावर दीर म्हणाले, वहिनी, ह्यांना जे काम बिलाच्या रेटनं पडतं ते आपल्याला मजुरी आणि मालाच्या भावात पडेल, मग आपणच का नाही? मुद्दा बरोबर होता आणि आजही आमचा विक्रीतला खरा फायदा तिथूनच येतो. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण नव्या माणसाकडे ही सोय नसते, त्याला गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे बाजारभावानं लावायचे असतात आणि वर साईटवर रोज उभं राहायला वेळही नसतो.

पहिला फ्लॅट घेतला तो जुन्या बिल्डिंगमधला, दुसरा मजला, लिफ्ट नाही, एक काका-काकू मुलाकडे राहायला चालले होते त्यांचा. सौदा ४८ लाखांचा झाला. आता नव्या माणसाच्या डोक्यात गणित असतं की ४८ ला घेतला, ४ लाख लावले, ६२ ला विकला म्हणजे १० लाख सुटले. तसं होत नाही हो. पुण्यात स्टॅम्प ड्युटी सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार तिथेच गेले. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. ब्रोकर घेताना १ टक्का आणि विकतानाही १ टक्का धरा, ते मिळून १ लाख १० हजार. ३६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी असेल तर सहा महिन्यांचं नुसतं व्याज १ लाख ६२ हजार, आणि सोसायटीचा मेंटेनन्स त्या रिकाम्या महिन्यांतही भरावाच लागतो. सगळं वजा केलं की हातात साडेतीन लाखांच्या आसपास उरतात आणि त्यावर टॅक्स अजून बाकी. २४ महिन्यांच्या आत विकलं की तो नफा तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमधे असाल तर उरले अडीच लाखांच्या आत. बरं, विक्री ५० लाखांच्या वर असली की घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावानं सरकारकडे आधीच भरायचा टॅक्स, कापूनच पैसे देतो, तोही रिटर्न भरेपर्यंत अडकलेला.

घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, त्या ४८ लाखांवर ४८ हजार वाचतात. २०२१ मधे ही सवलत आली तेव्हा पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, त्यामुळे विकायच्या हिशोबानं घेणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. २०२३ मधे अट काढली. आमचे व्यवहार आता माझ्या नावावर होतात ते ह्यामुळे.

तो पहिला फ्लॅट आम्ही विकला, पैसे मिळाले, पण मला एक गोष्ट खटकली ती ही की जेवढं सुटलं तेवढं आम्हाला बंगल्याच्या दोन चांगल्या कामांतूनही सुटलं असतं, आणि मधल्या काळात खेळतं भांडवल सगळं त्या चार भिंतींत, त्यामुळे कारागिरांच्या उचलीपासून टाइल्सवाल्याच्या बिलापर्यंत सगळं ताणून धरावं लागलं. तेव्हापासून आम्ही दुसरीकडे बघायला लागलो, आणि ते म्हणजे कागद.

माझं ठाम मत आहे की पुण्यात जुन्या फ्लॅटचा भाव रंगानं आणि मॉड्युलर किचननं फारसा वाढत नाही, कागद पूर्ण झाल्यावर वाढतो. कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा कॉर्पोरेशनचा दाखला) आहे का, सोसायटी रजिस्टर आहे का, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद) कुणाच्या नावावर आहे, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा) आणि आधीच्या खरेदीखतांची साखळी पूर्ण आहे का, तीस वर्षांचा सर्च, म्हणजे वकिलानं काढलेली जुन्या नोंदींची तपासणी, काय म्हणतो, कॉर्पोरेशनचा टॅक्स थकलाय का, लाईट मीटर अजून मूळ मालकाच्या नावावर आहे का. ह्यातलं एखादं अडलेलं असलं की मालक भाव कमी करतो. वारसांच्या सह्या राहिल्यात किंवा शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफर झालं नाही एवढंच असेल तर वकिलाला धरून, सोसायटीच्या कमिटीमागे लागून ते सुटतं, आणि खरा नफा तिथे आहे. (ट्रान्सफरच्या वेळी सोसायटी प्रीमियम मागते, त्याला महानगरपालिका हद्दीत २५ हजारांची मर्यादा आहे हे माहिती असू द्या.) पण बांधकामच बेकायदा असेल, गुंठेवारीतलं (मंजुरी न घेता गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरचं) असेल, कम्प्लिशनच नसेल तर नव्या माणसानं हात लावू नये, कितीही स्वस्त असो. कारण तुम्ही रोख देऊन घ्याल, पण तुमच्याकडून घेणाऱ्याला बँक कर्ज देणार नाही, आणि आज वन बीएचके घेणारं गिऱ्हाईक म्हणजे नव्वद टक्के कर्जावरच येतं असा आमचा अनुभव आहे. फ्लॅट बघताना आपल्याला आवडला का ह्यापेक्षा पुढच्याला ह्यावर लोन होईल का, हे आधी बघायचं.

आता भाड्याचं. तोच फ्लॅट भाड्यानं दिला असता तर १६ हजार आले असते, वर्षाचे १ लाख ९२ हजार, म्हणजे खरेदी, दुरुस्ती, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि ब्रोकर धरून लावलेल्या ५६ लाखांवर साडेतीन टक्केसुद्धा नाही. एफडीला ह्याहून जास्त मिळतं. आणि ३६ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ३२ हजारांच्या वर, म्हणजे भाड्यात निम्मासुद्धा निघत नाही. म्हणून कर्ज काढून भाड्यासाठी घेणार असाल तर वरचा अर्धा हप्ता आपल्या पगारातून वर्षानुवर्षं निघणार आहे का हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा. रिटायर होऊन आलेले पैसे आहेत, कर्ज नाही, तर गोष्ट वेगळी.

भाड्यातही बारीक खर्च असतात. लिव्ह अँड लायसन्स अग्रीमेंट, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर करणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची, नुसत्या नोटरीवर भागवू नका, ऑनलाइन होतं, माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. स्वतः राहणाऱ्याला पुण्यात प्रॉपर्टी टॅक्समधे ४० टक्के सवलत असते, भाड्यानं दिलं की ती जाते, हे कुणी हिशोबात धरतच नाही. जमेची बाजू म्हणजे भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग तुम्ही दुरुस्तीला रुपया लावा नाहीतर न लावा.

आणि पाणी! कोपऱ्यावरचं दुकान, बसस्टॉप, लिफ्ट सगळं नंतर, आधी पाणी. बाणेर, वाघोलीकडे उन्हाळ्यात टँकरवर किती जातात ते मेंटेनन्सच्या पावतीत दिसतं. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोडला, नांदेड गावाकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले, तेव्हापासून भाडेकरू फ्लॅट बघायला आला की भाड्याच्या आधी पाणी कुठून येतं, टाकी कधी धुतली ते विचारतो, आणि बरोबर विचारतो.

दोन्ही करून झाल्यावर आता आम्ही नव्या माणसाला मधला रस्ता सुचवतो. कागद स्वच्छ असलेला छोटा फ्लॅट घ्या, फक्त गळती, वायरिंग, बाथरूम एवढंच नीट करा, भाडेकरू ठेवा आणि २४ महिने उलटल्यावर बघा. तोवर नफा लाँग टर्ममधे (दीर्घ मुदतीच्या नफ्यात, ज्याला टॅक्सचा दर वेगळा) जातो, २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घरावर तो साडेबारा टक्के आहे, स्लॅबच्या ३० टक्क्यांच्या मानानं केवढा फरक पडतो बघा. शिवाय भाडेकरू दोन पावसाळे राहिला की भिंत कुठे ओल धरते, ड्रेनेज कुठे तुंबतं ते सगळं कळतं, जे विकताना घेणाऱ्याला खरं सांगता येतं. कर्ज फ्लोटिंग रेटचं होमलोन असेल तर मुदतीआधी फेडायला बँक दंड लावत नाही, आणि कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेवढा वेळ विक्रीच्या तारखांत धरा. पण वर्षाला दोन-तीन फ्लॅट घेऊन विकायचे असतील तर ते धंद्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं, तेव्हा आधी सीएकडे जा.

आमच्याकडे सध्या एक फ्लॅट ह्याच पद्धतीनं ठेवलेला आहे, हिंगण्यात, एक नर्स आणि तिची आई राहतात. अग्रीमेंटच्या नूतनीकरणाला भाडं पाच टक्के वाढवलं, त्यांनी लगेच हो म्हटलं. २४ महिने पुढच्या वर्षी पूर्ण होतील. सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्सचं (बिल्डर करून देत नाही म्हणून सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवायच्या कन्व्हेयन्सचं) प्रकरण चालू आहे, दीर त्या मीटिंगांना आता न चुकता जातात. ते झालं तर विकू, नाही झालं तर अजून एक अग्रीमेंट करू, आणि त्या ताईंनीच घ्यायचं म्हटलं तर पहिला हक्क त्यांचा, हे त्यांना आम्ही आधीच सांगून ठेवलंय.