यशाच्या पुस्तकांत हिटलर

आज दुपारी भाचीसाठी डिक्शनरी घ्यायला डेक्कनला थांबले होते. फुटपाथवर निळं प्लास्टिक, त्यावर 'यशस्वी कसं व्हावं' छापाची पुस्तकं आणि त्यांच्यातच हिटलरचं 'माइन काम्फ'. कव्हरवर तोच चेहरा, उन्हाने कोपरे वळलेले. शेजारचा कॉलेजातला मुलगा मित्राला म्हणाला, "भारी माणूस होता रे, काय शिस्त!" विक्रेते म्हणाले, "हे कायम खपतं, ताई."

पोटात कालवलं. २००६ साली खारघरला चक्क 'हिटलर्स क्रॉस' नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं. ज्यू समाजाने विरोध केल्यावर नाव बदललं. कडक मास्तरांना 'हिटलर' तर आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणायचे.

अलिबागला आजोळी शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, आजी राहायच्या. नऊवारीतल्या, माझ्या आजीसारखंच मराठी बोलणाऱ्या. त्यांच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून ते 'शनवार तेली'. युरोपात जन्मल्या असत्या, तर याच हिटलरने त्यांनाही गाडीत कोंबून छळछावणीत पाठवलं असतं. सुमारे ६० लाख ज्यू मारले त्याच्या राजवटीने. शिवाय रोमा (युरोपातला भटका समाज), अपंग माणसं, अगदी लहान मुलंसुद्धा. ती 'शिस्त' यासाठी राबत होती.

न राहवून त्या मुलाला विचारलं, "आउशवित्झच्या छळछावणीबद्दल ऐकलंयस का?" तो "नाही" म्हणाला. मग आम्ही तिथेच पंधरा-वीस मिनिटं बोलत उभे राहिलो. त्याने शेवटी विचारलं, "काकू, हे आम्हाला नीट कुठे वाचायला मिळेल?"

डिक्शनरी राहूनच गेली. उद्या पुन्हा जाणार आहे.