सादाहारू ओहचा तक्ता: २२ सीझन भरून झाले, आता १९७४ हाती घेतलंय

बेसबॉलवेड्या मंडळींनो, जपानी लीगमधला बॅटर सादाहारू ओह, त्याच्या वर्षवार आकड्यांचा तक्ता एकदाचा भरून झाला. १९५९ ते १९८०, योमिउरी जायंट्सकडून खेळलेले सगळे सीझन. होम रनच्या (चेंडू मैदानाबाहेर मारून सगळे बेस फिरून येणं) रकान्याची बेरीज केली आणि ८६८ बरोब्बर जुळले, तेव्हा जे समाधान वाटलं ते तुम्हालाच कळेल.

आलेखाच्या कागदावर प्रत्येक वर्षाचा एक लाल स्तंभ काढलाय. पहिले तीन अगदी बुटके: ७, १७, १३. १९५७ मध्ये वासेदा जित्सुग्यो शाळेला वसंतातली कोशिएन ही शालेय स्पर्धा जिंकून देणारा हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. जायंट्सनी त्याला फर्स्ट बेसवर उभं केलं. पहिल्या २६ अ‍ॅट-बॅटमध्ये एकही हिट (मारलेल्या चेंडूवर सुखरूप बेस गाठणं) नाही, आणि पुढच्याच वेळी पहिली हिट आली ती थेट होम रन! तरी पहिल्या वर्षाचं अ‍ॅव्हरेज ०.१६१च राहिलं, म्हणजे शंभर खेपांत जेमतेम सोळा हिट.

मग १९६२ चा स्तंभ एकदम ३८ वर जातो. त्या वर्षी १ जुलैला, तायो व्हेल्सविरुद्ध, ओह पहिल्यांदा एका पायावर उभा राहून खेळला. डावखुरा बॅटर, त्यामुळे पिचरच्या बाजूचा उजवा पाय गुडघ्यात वाकवून वर उचललेला. बॅट फिरवायला त्याला उशीर व्हायचा. पाय आधीच उचलून तोल सांभाळत थांबलं, की चेंडूची वाट बघता येते, हे कोच हिरोशी अराकावांचं डोकं. त्यासाठी त्यांनी टांगलेला कागदाचा कपटा खऱ्या तलवारीने कापायचा सराव करून घेतला. कागद हलका, जोर लावला तर नुसता बाजूला सरकतो. धार नेमक्या कोनातून आली तरच कापला जातो. मला तर ओहची सगळी बॅटिंग त्या कपट्यात दिसते. १९६४ मध्ये ५५ होम रन झाले.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. माझं मन अडकलंय ते शेजारच्या निळ्या रकान्यात, म्हणजे वॉकमध्ये: पिचरने चार चेंडू मारायच्या टप्प्याबाहेर टाकले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. कारकिर्दीत एकूण २३९० वॉक, आणि १९६२ पासून १९७९ पर्यंत सलग १८ सीझन लीगमध्ये सर्वाधिक. १९७४ मध्ये १३० सामन्यांत १५८ वॉक, त्यातले ४५ तर सरळसरळ मुद्दाम दिलेले. हिट किती? १२८. म्हणजे हिटपेक्षा वॉकच जास्त. एवढ्या कमी चेंडूंवर हात साफ करायला मिळूनही ४९ होम रन, १०७ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे निघालेल्या धावा) आणि ०.३३२ अ‍ॅव्हरेज काढून त्याने लागोपाठ दुसऱ्या वर्षी ट्रिपल क्राउन (या तिन्हींत लीगमध्ये पहिला) मिळवला. ऑन-बेस पर्सेंटेज मी हातानेच काढून पाहिलं: ०.५३२. दर दोन खेपांमागे एकदा तरी हा माणूस बेसवर! म्हणून सांगतो, ८६८ चा आकडा एकटा लिहू नका, शेजारी २३९० लिहा. पिचरनी टाळूनसुद्धा झालेले होम रन आहेत ते.

न टाळणारे पिचरही होते. हानशिन टायगर्सच्या युताका एनात्सुसाठी मी तक्त्यात वेगळी खूण केलीय. १७ सप्टेंबर १९६८, कोशिएन मैदान. सीझनमधल्या स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) विक्रमाशी बरोबरी करणारा ३५३ वा त्याने ओहचाच घेतला. मग ३५४ वाही ओहचाच हवा म्हणून मधल्या बॅटरना स्ट्राइकआउट न करता बाद करत राहिला, आणि ओह पुन्हा आल्यावर विक्रम केला. वॉकच्या त्या निळ्या डोंगरात असा एक पिचर सापडला की जीव सुखावतो.

१९७५ चा स्तंभ ३३ वर घसरलाय. आदल्या वर्षाअखेर ओहचा संघातला जोडीदार, बडा बॅटर शिगेओ नागाशिमा निवृत्त होऊन मॅनेजर झाला होता, जायंट्स तळाला गेले, आणि १३ वर्षं सलग ओहकडे असलेला होम रनचा किताब हानशिनच्या ताबुचीने नेला. पुढच्या दोन वर्षांत पुन्हा ४९ आणि ५०. हँक अ‍ॅरनच्या अमेरिकेतल्या ७५५ होम रनना मागे टाकणारा होम रन ३ सप्टेंबर १९७७ चा, कोराकुएन मैदानावर. तो चौकोन मी सोनेरी शाईने भरलाय.

आता १९७४ चं स्वतंत्र पान करतोय, सामनावार. मुद्दाम दिलेल्या प्रत्येक वॉकपुढे तीन नोंदी: कितवी इनिंग, बेसवर कोण, आणि ओहनंतर बॅटिंगला कोण. मागून येणारा बॅटर तगडा असेल, तर ओहला वॉक देणं पिचरला महागात पडू शकतं; ते वर्ष नागाशिमाचं शेवटचं, त्यामुळे तिसरी नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या सीझनचे बॉक्स स्कोअर (प्रत्येक सामन्याची आकडेवारी) कुणी जमवले असतील तर एप्रिलपासूनचे आधी हवे आहेत.