ईमॅक्सची नोंदवही : पॅकेजांचा शोध आणि हळदीची खतावणी

गेल्या नोंदीपर्यंत ईमॅक्समध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या या प्रोग्राममध्ये, देवनागरी नीट दिसायला लागली होती. आता खरं काम. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांचे हिशेब लिहिणं हा माझा पोटाचा धंदा. तेच हिशेब साध्या टेक्स्ट फायलीत, मराठीतून, ईमॅक्समध्ये लिहिता येतात का हे बघणं हा रात्रीचा उद्योग. दुकानाचं अधिकृत लिखाण त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच राहतं. ही माझी समांतर वही, त्यामुळे मोडतोड करायला मोकळीक आहे.

या खेपेला बहुतेक वेळ गेला तो पॅकेजं, म्हणजे ईमॅक्सला जोडायच्या पुरवण्या, शोधण्यात. शोधण्यापेक्षाही निवडण्यात म्हणा. मेल्पा या एकट्या ऑनलाइन साठ्यावर पाच हजारांवर पॅकेजं आहेत आणि एकाच कामाला पाच-सहा तर सहज सापडतात. त्यातलं कुठलं घ्यायचं हे कळायला मला जो रस्ता उपयोगी पडला तो लिहितो.

आधी घरात काय आहे

नवीन पॅकेज शोधायच्या आधी मी आता कंट्रोल-एच आणि मग छोटा पी दाबतो. विषयवार यादी येते आणि ईमॅक्सच्या पोटात आधीपासून काय काय आहे ते दिसतं. हिला कुणी फारसं विचारत नाही. दुसरी कळ कंट्रोल-एच आणि एन. चालू आवृत्तीत काय नवं आलं त्याची फाईल उघडते. लांबलचक आहे, पण चहाबरोबर थोडी थोडी वाचली तर निम्मी पॅकेजं काढून टाकता येतात.

माझंच बघा. पॅकेजांची सेटिंग नीट मांडणारं यूज-पॅकेज आणि कोड लिहिताना चुका-सूचना दाखवणारं एग्लॉट दोन्ही २०२३ च्या २९ व्या आवृत्तीपासून आतच आहेत. अर्धवट कळ दाबून थांबलं की पुढे काय काय दाबता येईल ते दाखवणारं व्हिच-की २०२५ च्या ३० व्या आवृत्तीत आत आलं. प्रकल्पानुसार फायलींची मांडणी ठरवणारं एडिटरकॉन्फिगही तिथंच आलं. ओळींच्या आकड्यांसाठी लोक अजून लायनम लावतात, पण त्याहून जलद सोय २०१८ पासून, म्हणजे २६ व्या आवृत्तीपासून आत आहे. नेटवरचे जुने सल्ले ही पॅकेजं आजही इन्स्टॉल करायला लावतात. सल्ला चुकीचा नसतो, फक्त शिळा असतो.

कुठल्या पेठेत काय मिळतं

पेठ म्हणजे पॅकेजं मिळण्याचा ऑनलाइन साठा. ग्नू एल्पा ही मूळ पेठ. इथल्या पॅकेजच्या लेखकाला आपल्या कोडचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागतो, म्हणून माल मोजका. नॉन-ग्नू एल्पाला ती अट नाही, आणि २०२२ च्या २८ व्या आवृत्तीपासून ती न सांगता यादीत असते. मेल्पा मात्र आपल्या हातानं जोडावी लागते. तिथं लेखकाच्या गिट रिपॉझिटरीतला (कोडच्या साठ्यातला) सर्वात ताजा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, उचलून पॅकेज बनतं. लेखकानं आज दुपारी अर्धवट काही ढकललं असेल तर संध्याकाळी ते आपल्या मशिनवर येऊ शकतं. मेल्पा स्टेबल लेखकानं टॅग केलेल्या, म्हणजे पक्क्या म्हणून नोंदवलेल्या, आवृत्त्याच घेते, पण टॅग करायचा कंटाळा असलेले लेखक पुष्कळ.

यात एक खुबी आहे, ती माहीत असलेली बरी. मेल्पा आवृत्तीचा आकडा तारखेवरून बनवते, म्हणजे २०२५०११०.९३० असा काहीतरी. ग्नू एल्पावर तेच पॅकेज १.४ असेल. ईमॅक्स आकड्यांची तुलना करतं आणि दोन कोटींच्या पुढचा आकडा १.४ पेक्षा मोठा ठरतो. म्हणून दोन्ही पेठा जोडल्या की मेल्पाच दरवेळी जिंकते. 'पॅकेज-आर्काइव्ह-प्रायॉरिटीज' या व्हेरिएबलमध्ये ग्नूला जास्त गुण, नॉन-ग्नूला त्याखालोखाल आणि मेल्पाला सर्वात कमी देऊन ठेवलेत. आता मेल्पावरून फक्त तेवढंच येतं जे दुसरीकडे नाही. या एका बदलानं माझं कॉन्फिग फार शांत झालं.

जुन्या फायलीत मार्मलेडचा पत्ता दिसला तर खुशाल पुसा, ती पेठ केव्हाच उठली. टिपणं आणि तक्ते लिहायच्या ऑर्ग-मोडची स्वतःची वेगळी पेठ होती, तीही आता बंद आहे. ऑर्ग ग्नू एल्पावर मिळतं, आणि ईमॅक्समध्ये तर २००७ पासून आहेच.

यादी चाळायची पद्धत

'लिस्ट-पॅकेजेस' उघडून पानंच्या पानं खाली सरकवत बसणं म्हणजे गणपती पेठेत काही न ठरवता हिंडण्यासारखं. पिशवी भरते आणि हवं ते राहतं. तिथं तिरपी रेघ दाबून मग के दाबलं की कीवर्डनं गाळता येतं, एन दाबलं की नावानं. ओळीवर एंटर मारला की माहितीचं पान उघडतं. त्यातल्या 'रिक्वायर्स' या ओळीवर माझी नजर आधी जाते. एका छोट्या सोयीसाठी सात पॅकेजं ओढून आणणारं असेल तर मी पुढं जातो.

मेल्पाच्या डाउनलोडच्या आकड्याला मी फारसा भाव देत नाही. वरच्या क्रमांकांवर डॅशसारखी पॅकेजं दिसतात. ती बहुतेकांनी मुद्दाम घेतलेली नसतात, दुसऱ्या पॅकेजांच्या मागे आलेली असतात. आकडा खरा असला तरी आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

त्यापेक्षा कोड उघडा. पॅकेजं ज्या भाषेत लिहितात ती लिस्प येत नसली तरी चालतं. पहिल्या ओळीत 'लेक्सिकल-बाइंडिंग' टी लिहिलंय का बघा. नसेल तर ते कोड बहुधा जुनं किंवा सांभाळलं न गेलेलं. खाली कुठं नुसतं 'रिक्वायर सीएल' दिसलं तर वय आणखी पक्कं झालं, कारण ती लायब्ररी २७ व्या आवृत्तीत मोडीत काढली गेली आणि तिच्या जागी सीएल-लिब वापरायचं असतं. मग 'कॉमेंटरी' हा भाग वाचा. लेखकानं तिथं चार परिच्छेद मन लावून लिहिले असतील तर पॅकेज सहसा बरं निघतं. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण. आधीच बसवलेल्या पॅकेजचं कोड 'फाइंड-लायब्ररी'नं एका झटक्यात उघडतं.

पॅकेज चाखून बघायला ३० व्या आवृत्तीत 'पॅकेज-आयसोलेट' आलंय. निवडलेली पॅकेजं घेऊन वेगळा, कोरा ईमॅक्स सुरू होतो. आपल्या नेहमीच्या सेटिंगशी भांडण होतंय की पॅकेजच बिघडलेलं आहे, ते लगेच कळतं.

खतावणी कुठवर आली

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. टेक्स्ट फायलीत हिशेब लिहायला मदत करणारं लेजर-मोड मेल्पावरून घेतलं. मागं हिशेब करणारा प्रोग्राम म्हणून लेजरऐवजी एच-लेजर लावलाय. कारण साधं आहे. त्याला आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम कळतात. फायलीच्या वर एकदा कमॉडिटीच्या ओळीत रुपयाची रक्कम आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन लिहून दाखवली की अहवालात १२,३४,५६७ असंच येतं, साहेबी दशलक्षांत नाही. यार्डात दुसऱ्या पद्धतीचा आकडा दाखवला तर कुणी वाचणारच नाही.

खात्यांची नावं देवनागरीत बिनबोभाट चालतात. हळद खरेदी, हमाली, तोलाई, अडत, शेतकरी देणे, सगळं. नावात जागा सोडली तरी हरकत नाही, फक्त नाव आणि रक्कम यांच्यात कमीत कमी दोन जागा हव्यात. एकच सोडली तर रक्कम नावाचा भाग समजली जाते. आकडे मात्र इंग्रजीच लागतात. त्यामुळे नाव लिहून झालं की कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून ईमॅक्सची देवनागरी इन्स्क्रिप्ट बंद करायची, रक्कम टाकायची, पुन्हा चालू करायची. हाताला सवय होते.

इथं एक सांगून ठेवतो. मराठी टायपिंगसाठी ईमॅक्सचीच इनपुट पद्धत वापरा, सिस्टिमचा कीबोर्ड बदलू नका. सिस्टिम मराठीवर असली की कंट्रोल-एक्सच्या जागी कंट्रोल आणि कुठलंतरी देवनागरी अक्षर जातं आणि ईमॅक्सला काहीच समजत नाही. यावर रिव्हर्स-आयएम नावाचं पॅकेज आहे. रशियनसारख्या लिपीत लिहिणारे ते वापरतात. आतलीच पद्धत घेतली तर आपल्याला त्याची गरज पडत नाही.

अडलंय ते रकमेच्या रांगेत. लेजर-मोड रक्कम ठरावीक स्तंभावर आणून ठेवतं आणि प्रत्येक अक्षर ठरावीक रुंदीचं धरून मोजतं. देवनागरीतली जोडाक्षरं त्या मापात बसत नाहीत. 'शेतकरी देणे' आणि 'तोलाई' यांच्या पुढच्या रकमा एका रेषेत येतच नाहीत. फॉन्ट बदलून पाहिले. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता दोन्ही दिसायला देखणे, रांग दोन्हीत वाकडी.

ऑर्गच्या तक्त्यांना मात्र औषध सापडलं : ग्नू एल्पावरचं व्हीअलाइन. ते अक्षरं न मोजता पिक्सेल मोजतं, त्यामुळे मराठी मजकुराच्या उभ्या रेघा सरळ दिसतात. फक्त खिडकीतल्या ईमॅक्समध्ये चालतं, टर्मिनलमध्ये नाही, आणि तक्ता फार लांबला की रखडतं. सौद्याच्या दिवसाचा तक्ता त्यात ठेवतो : शेतकरी, पोती, वजन, दर. वर्षभराचा ठेवणार नाही. लेजरच्या फायलीतली वाकडी रांग मी तशीच सोडून दिली आहे. ती फाईल बघणारा मी एकटा. इतरांना दाखवायचा ताळेबंद एच-लेजर एचटीएमएलमध्ये काढून देतो आणि तो ब्राउझरमध्ये नीट दिसतो. छापून आणलेला कागद बघून एक जुने दिवाणजी म्हणाले, "कीर्द हाय की ही आपलीच, यात नवीन काय केलंस?" याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला नको.

बातमी कुठून लागते

साशा चुआ दर आठवड्याला ईमॅक्स न्यूज काढतात, त्यात नव्या पॅकेजांची यादीही असते. तेवढं एक नेमानं वाचलं तरी पुरतं. ईमॅक्स विकी अजून आहे. कल्पना मिळवायला फर्मास जागा, पण तिथलं पान कुणालाही बदलता येतं, तेव्हा तिथलं कोड उचलून तसंच चालवू नये. मॅगिट हे गिटसाठीचं पॅकेज सांभाळणारे योनास बर्नुली ईमॅक्समिरर चालवतात, त्यात पेठांबाहेरची पॅकेजंही सापडतात. गिटहबवरच्या 'ऑसम' याद्या मी सुरुवातीला फार चाळल्या. आता नाही. त्यात नवं घालायला सगळे पुढे असतात, मेलेलं काढायला कुणी नसतं.

पेठेत नसलेलं एखादं पॅकेज थेट रिपॉझिटरीतून घ्यायचं असेल तर २९ पासून 'पॅकेज-व्हीसी-इन्स्टॉल' आहे. त्यासाठी वेगळा पॅकेज मॅनेजर बसवायचं कारण मला तरी उरलं नाही.

जतला पाठवायचा पेनड्राइव्ह

जत तालुक्यातल्या एका दोस्ताला हेच सगळं हवंय आणि त्याच्या वस्तीवर नेट म्हणजे नशीब. ग्नू एल्पा आणि मेल्पा दोन्ही आरसिंक या फायली उतरवायच्या प्रोग्रामनं उतरवून घेता येतात. तो फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचा आणि 'पॅकेज-आर्काइव्ह्ज'मध्ये वेबच्या पत्त्याऐवजी त्या फोल्डरचा मार्ग लिहायचा. ईमॅक्सला फरक कळत नाही. यादी, शोध, इन्स्टॉल सगळं तसंच चालतं.

त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ईमॅक्स २६.१ आहे, तिथं पॅकेजांच्या डिजिटल सह्या तपासताना अडतं. ग्नू एल्पाची जुनी सही-किल्ली २०१९ मध्ये मुदतबाह्य झाली. 'पॅकेज-चेक-सिग्नेचर' तेवढ्यापुरतं निल (बंद) करायचं, 'ग्नू-एल्पा-कीरिंग-अपडेट' बसवायचं आणि तपासणी लगेच पूर्ववत चालू करायची. पण मी त्याला ईमॅक्सच नवा घ्यायला सांगितलंय. देवनागरी जुळवणारं हार्फबझ २७ पासून आलं, आणि डिलीट कळीनं अख्खं जोडाक्षर एका दमात पुसणं २९ पासून. बॅकस्पेस मात्र अजून काना-मात्रा सुटे सुटेच पुसते, आणि मला ते बरंच वाटतं. वेलांटी चुकली तर तेवढीच काढता येते.

पेनड्राइव्हवरून सगळंच जमणार नाही. टर्मिनल चालवणारं व्हीटर्म, पीडीएफ दाखवणारं पीडीएफ-टूल्स, शुद्धलेखन तपासणारं जिंक्स यांना लिस्पशिवाय सी भाषेत लिहिलेला भागही असतो आणि तो त्याच मशिनवर कम्पाइल करावा लागतो. म्हणजे त्याच्याकडे कम्पायलर हवा, आणि जिंक्ससाठी एन्चांट लायब्ररी व मराठी शब्दकोशही. ते दिवाळीनंतर, हळदीची आवक थंडावलेली असताना, तिकडं जाऊन करीन. तोवर जिंक्स माझ्या मशिनवर लावून बघतो. 'तोलाई' आणि 'बेदाणा' हे शब्द त्याला चालतात का, ते पुढच्या नोंदीत.