अंधेरीला आता कोण?

मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२३

नेरूळहून घरी यायला काल रात्री दीड वाजून गेला. आज काउंटरवर जांभया दाबत बसले. आशियाई क्लबांची चॅम्पियन्स लीग, फुटबॉलची. सौदीचं अल हिलाल २, आमचं मुंबई सिटी ०. दोन आठवड्यांपूर्वी रियाधला सहा खाल्ले होते, त्या मानाने काल अब्रू राखली. मध्यंतराला तर शून्य-शून्य होतं.

डी. वाय. पाटील स्टेडियमवर निम्मी गर्दी अल हिलालच्या नेमारची. तो तीन आठवड्यांपूर्वी ब्राझीलकडून खेळताना गुडघा दुखावून बसलाय, हे सगळ्यांना माहीत. तरी पाठीवर त्याचं नाव मिरवत माणसं आली होती. तिकीट आधीच काढलेलं, फुकट कोण घालवणार? आमच्या क्लबला घरच्याच मॅचला पाहुण्यासारखं वाटावं, असा माहोल.

मला मात्र एक गोष्ट आवडली. समोर त्यांचा मित्रोविच असो की कोणी, आमची पोरं बॉल मागून पास देत-देतच बाहेर काढत होती. आमचा कोच डेस बकिंगहॅम, त्याचा हा हट्ट आहे. त्यापायी कधीकधी गोल बसतो आणि माझा भाचा डोक्याला हात लावतो. पण जीव वाचवायला नुसता लांब टोलवायचा, तर मी डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून कशाला जाऊ?

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

डेस चालला. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला.

फराळाचे डबे अजून संपले नाहीत आणि ही बातमी. साखळी बघितली तर हसू येतं. ऑक्टोबरच्या शेवटी तिथल्याच ब्रिस्टल सिटीने आपला कोच नायजेल पिअर्सनला काढलं. त्यांनी ऑक्सफर्डचा लिअम मॅनिंग उचलला. ऑक्सफर्डची खुर्ची रिकामी झाली, त्यांनी आमचा डेस उचलला. ब्रिस्टलमध्ये एका माणसाची नोकरी गेली आणि तीन आठवड्यांत अंधेरी, म्हणजे आमच्या लीगच्या मॅचचं मैदान, कोचविना रिकामी झाली.

त्याच्यावर चिडावं असं काही नाही. डेस ऑक्सफर्डचाच पोरगा. अठराव्या वर्षी त्याच क्लबात कोचिंगला लागलेला. घरून बोलावणं आलं तर कोण थांबतो? भर सीझनमध्ये गेला, एवढंच खटकतं.

त्याने दिलं काय, हे मात्र लोकांनी विसरू नये. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेली ती पहिली मॅच, आणि विजयी हेडर आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा. पुढच्या सीझनला लीगमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, पहिल्या अठरा मॅचमध्ये हार नाही, वीस मॅचमध्ये ५४ गोल, आणि गुणतक्त्यात पहिलं येण्याची ती शील्ड. मग कपसाठीच्या प्लेऑफमध्ये सेमीफायनलला बंगळुरूकडून पेनल्टीवर हरलो, ते अजून दुखतं.

आणि हेच ते लोक, जे त्याच्या पहिल्या वर्षी आपण पाचवे आलो तेव्हा ‘याला परत पाठवा’ म्हणून स्टँडमध्ये बोंबलत होते. आज त्यांचेच गळे दाटून आलेत.

रविवार, १९ नोव्हेंबर

इंटरनॅशनल ब्रेक आहे, लीग बंद. सकाळी वांद्र्याला नेव्हिल डिसोझा मैदानावर भाच्याची मॅच होती. त्याची टीम हरली, पण तो विषय पाच मिनिटांत संपला. मग बाहेर चहाच्या टपरीवर तास-दीड तास एकच प्रश्न. अंधेरीला आता कोण?

आमच्या स्टँडमधले वांद्र्याचे अंकल तिथे होतेच. ईस्ट इंडियन ख्रिस्ती, सत्तरीच्या पुढचे. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप ही जुनी स्पर्धा बघत वाढलेले. ठाण्याहून येणारा आयटीवालाही होता, ज्याच्याकडे प्रत्येक खेळाडूची आकडेवारी तोंडपाठ असते आणि जो दर वेळी चहाचे पैसे द्यायला विसरतो.

भाच्याचं म्हणणं, आपला आधीचा कोच लोबेराला परत आणा. सर्जिओ लोबेराने २०२०-२१ मध्ये शील्ड आणि कप दोन्ही दिले, ते दुसऱ्या कोणाला जमलंय? ठाणेकर म्हणाला, तो ओडिशाच्या क्लबशी बांधलेला, वर आपले जुने खेळाडू फॉल आणि जाहूही त्याच्याकडेच पोचलेत. अंकलांनी वेगळाच मुद्दा काढला. ‘ते वर्ष मला सांगू नको. एक तरी मॅच आपण ग्राउंडवर बघितली काय? सगळं गोव्यात, दारं बंद करून. टीव्हीवर जिंकलेला कप तो.’ भाचा म्हणाला, ‘अंकल, कप कपच असतो.’ अंकलांना ते काही पटलं नाही.

ठाणेकराचा माणूस मॅनोलो मार्केझ. हैदराबादला चॅम्पियन केलं, आता गोव्यात मस्त चाललंय. हे म्हणजे शेजारणीच्या नवऱ्याचं स्थळ काढण्यासारखं, असं मी म्हटल्यावर टपरीवालाही हसला.

मग अंकलांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘खालिद.’

खालिद जमील. जन्म कुवेतचा, पण फुटबॉल सगळं इथलं. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया. मग मुंबई एफसी या दुसऱ्याच क्लबला कोच म्हणून सात वर्षं. पैसा नाही, स्टार नाही, तरी आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवून ठेवलं. तो गेला आणि पुढच्याच सीझनला मुंबई एफसी तळाला जाऊन बुडाली, क्लबच संपला. त्याच सीझनला खालिदने मिझोरामच्या ऐझॉलला चॅम्पियन केलं. आदल्या वर्षी लीगमधून खाली गेलेली आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत आत आलेली टीम ती! अंकल हे सगळं आधी शंभरदा सांगून झालंय तरी नव्याने सांगतात, आणि मला शंभरदा ऐकायला आवडतं.

भाचा शांतपणे म्हणाला, ‘आणि नॉर्थईस्ट युनायटेड?’ तिथे हंगामी असताना प्लेऑफला नेलं, पूर्ण सीझन दिल्यावर दहावे आले. ‘त्याची टीम मागे बसते अंकल. आपली टीम तशी खेळत नाही.’

‘तर शिकेल ना खेळायला! आपला माणूस आहे. कुर्ल्याहून, मालवणीहून पोरगा आला तर त्याला ओळखेल तो. तुमचा स्पॅनिश ओळखील?’

‘भेकेला डेसनेच खेळवलं ना?’ भाचा म्हणाला.

‘अरे, त्या फ्रेंच स्टार अनेल्काला कोच केला तेव्हा तरी कोणी विचारलेलं काय आपल्याला?’ याचा इथे काय संबंध, हे कोणालाच कळलं नाही. पण अंकलांचा आवाज चढला होता, म्हणून सगळे गप्प.

मला विचारलं तेव्हा मी जे वाटतं ते सांगितलं. आपण नावं काढतोय, पण ती मोजायला कोणी बसलेलं नाही. २०१९ पासून क्लबचे ६५ टक्के मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे आहेत. लोबेरा इथून गेला तो त्यांच्याच चीनमधल्या क्लबात. डेस आला तो त्यांच्याच मेलबर्न सिटी क्लबातून. तो मॅनिंगसुद्धा पूर्वी त्यांच्या बेल्जियममधल्या लोमेलला होता. आमच्या बँकेत शाखेला नवा मॅनेजर कोण हवा, हे खातेदारांना कोणी विचारत नाही. वरून बदलीची ऑर्डर येते. तेव्हा कोण ते सोडा, मेलबर्नकडे बघा.

भाचा म्हणाला, ‘मावशी, तू सगळी मजाच घालवतेस.’

पण मजा गेली नाही. उलट वाद अजून अर्धा तास रंगला, आणि मला तो ऐकताना वाटलं, हे कोचबद्दल बोलतच नाहीयेत. भाच्याला ट्रॉफी हवी, ती कुठेही आणि कशीही चालेल. ठाणेकराला नीट चालवलेली कंपनी हवी. अंकलांना ते कूपरेज परत हवंय, जिथे टीममधली निम्मी पोरं ओळखीच्या गल्लीतली असायची. तिघं एकाच स्टँडमध्ये बसतात, एकाच गोलला उड्या मारतात, पण त्यांचे क्लब तीन आहेत.

आणि माझा? मला खालिद हवा. खरंच. पण आत्ता नाही, जूनमध्ये. सीझन संपल्यावर, नवी टीम बांधायला वेळ देऊन. डेसची ही पोरं दोन वर्षं एका पद्धतीने खेळतायत. छांगटे, बिपिन लाईनला चिकटून, स्टुअर्ट मधल्या जागा शोधत. नोव्हेंबरमध्ये त्यांना सांगायचं की उद्यापासून मागे बसा, तर खालिदचंही नाव खराब व्हायचं आणि आपलाही सीझन जायचा.

हे मी अंकलांना समजावून सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, उठले, टोपी घातली. म्हणाले, ‘पोरी, आपल्या लोकांचा जून कधी येतच नाही.’

चहाचे पैसे मीच दिले.

रविवार, १० डिसेंबर

पेत्र क्रात्की. मेलबर्न सिटीहून.

भाच्याचा फोन, ‘मावशी, मानलं तुला.’ यात मानण्यासारखं काय आहे? वेळापत्रक वाचता येणाऱ्या कोणालाही गाडी कुठून येणार ते कळतं.

झेक माणूस, तिथे सहाय्यक होता. नाव उच्चारायचं कसं यावर घरात दोन मतं आहेत. ग्रुपच्या बाजूने बोलायचं तर त्यांचं गणित चुकीचं नाही. सगळ्या क्लबांना साधारण एकाच पद्धतीने खेळवायचं, म्हणजे माणूस बदलला तरी पोरांना सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. मी टपरीवर जे म्हणत होते, तेच हे. तरीही नाव वाचल्यावर किंचित हिरमोड झाला, तो का ते सांगता येणार नाही.

मधल्या काळात सहाय्यक कोच अँथनी फर्नांडिसने टीम सांभाळली. आशियातल्या उरलेल्या मॅचही गेल्या, सहापैकी सहा हरलो, पण परवा शुक्रवारी बंगळुरूला त्यांच्याच मैदानावर ४-० लोळवलं. त्या हिसक्यात बंगळुरूने आपला कोच सायमन ग्रेसन काढून टाकला. म्हणजे आमच्या हंगामी कोचने दुसऱ्याच्या कायम कोचची नोकरी घेतली! आणि गंमत बघा, टपरीवर इतकी नावं निघाली, इथला माणूस पाहिजे म्हणून एवढा आवाज चढला, पण जो इथला माणूस ऑलरेडी डगआउटमध्ये उभा होता त्याचं नाव अंकलांच्याही तोंडातून आलं नाही. सहाय्यक म्हणून पाहायची सवय झाली की माणूस दिसेनासा होतो.

गुरुवार, २१ डिसेंबर

काल अंधेरीला मोहन बागानविरुद्ध २-१ जिंकलो. सात लाल कार्डं. सात! चार आपली, तीन त्यांची. स्टुअर्टने गोलही केला आणि कार्डही खाल्लं. आझाद नगर मेट्रोच्या जिन्यावर भाचा म्हणाला, ‘नव्या कोचचं पहिलं काम, पुढच्या मॅचला अकरा माणसं मोजून बघणं.’

मंगळवार, १६ एप्रिल २०२४

लिहायची इच्छा नाही. कोलकात्याला, सॉल्ट लेकवर बागानशी शेवटची लीग मॅच. बरोबरी चालली असती. २-१ हरलो. शील्ड बागानची.

ठाणेकराने आज मुद्दाम आठवण करून दिली की त्यांनीही भर सीझनमध्येच कोच बदलला. जानेवारीत फेरांडोला काढून हबासला आणलं. ‘पण त्यांनी ही लीग कोळून प्यायलेला माणूस आणला.’ म्हणजे पुन्हा मॅनोलोचं गाडं सुरू. मी म्हटलं, स्टुअर्ट जानेवारीतच सोडून गेला, तरी शेवटच्या दिवसापर्यंत वर होतो, याचंही काही श्रेय क्रात्कीला दे.

खालिद आता जमशेदपूरला. मार्चमध्ये त्यांच्याशी १-१ झालं होतं. जमशेदपूरने मैदानावरच्या किमान भारतीय खेळाडूंचा नियम मोडला म्हणून नंतर ती मॅच आपल्याला ३-० दिली. भाच्याने ते अंकलांना ऐकवलंच. अंकल म्हणाले, ‘बघ, तिकडे गेला तरी पॉइंट आपल्यालाच देतो.’ यावर काय बोलणार?

रविवार, ५ मे २०२४

घसा बसलाय. कपची फायनल जिंकलो. त्याच सॉल्ट लेकवर, त्याच बागानला, तीन आठवडे व्हायच्या आत. ३-१. आधी त्यांच्या कमिंग्जने गोल मारला तेव्हा मी टीव्हीसमोरून उठून स्वयंपाकघरात गेले होते. मग आपले तीन, डियाझ, मग बिपिन, अगदी शेवटी वोइतुस.

खरं तर कप गोव्यातच जिंकला होता, असं मला वाटतं. गोव्याशी सेमीफायनलची पहिली मॅच, फातोर्डा, ९० मिनिटांपर्यंत २-० मागे. ठाणेकर आनंदाने सांगत होता, बघा मॅनोलोची टीम कशी खेळते. आणि मग छांगटे, विक्रम, पुन्हा छांगटे. ३-२. ठाणेकर आमचाच, म्हणून तोही नाचला, पण त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण काय झालं ते मी पाहिलंय.

आज दुपारी सगळे अंकलांकडे जमलो होतो. त्यांनी सोरपोतेल केलं होतं, माझ्यासाठी वेगळी अंडा करी. जेवण संपायच्या आत वाद लागला. कप कोणाचा? अंकल म्हणतात डेसचा. टीम त्याने घडवली, हा झेक माणूस तयार पानावर येऊन बसला. भाचा म्हणतो क्रात्कीचा. स्टुअर्ट गेल्यावर, शील्ड हातातून गेल्यावर पोरांना पुन्हा उभं करणं हे तयार पान नव्हे. मी भाच्याच्या बाजूने. तीन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर सगळं गमावलेल्या टीमला पुन्हा तिथेच नेऊन, एक गोल खाल्ल्यावरही डगमगू दिलं नाही, हे कोचचंच काम.

ठाणेकर बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून होता. मग म्हणाला, २०२१ च्या फायनलला शेवटच्या मिनिटाला विजयी गोल कोणाचा? बिपिन. समोर कोण? बागान. काल पुढे नेणारा गोल कोणाचा? बिपिन. समोर? बागान. तेव्हा कोच लोबेरा, आता क्रात्की. ‘कोच कोणीही आणा, या पोराला सोडू नका.’

अंकल लगेच म्हणाले, ‘खालिदने पण खेळवला असता त्याला.’

‘मागे बचावाला, बॅक म्हणून,’ भाचा म्हणाला, आणि पुन्हा सुरू झालं.