टक

2023च्या पावसाळ्यात टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा आमच्या घरी दोन महिने शेवभाजीचा रस्सा चिंचेवर निघाला. रस्सा वाईट नव्हता. पण त्याच्या पुढच्या माघात जळगावच्या बाजारात संध्याकाळी उरलेलं कॅरेट शेतकरी जवळजवळ ओवाळून टाकत होता, ते बघून मला चिंचेचा तो रस्सा आठवला आणि अर्धं कॅरेट रिक्षात घालून घरी आणलं. बाटल्यांत भरून ठेवायचे, एवढाच विचार. कसे भरायचे, ते वाटेत ठरवू म्हटलं.

माय ओट्यापाशी उभी राहून बघत होती. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

ती मूळची अमळनेरकडची. जळगावात चाळीस वर्षं काढली तरी घरात बोलते अहिराणीच. आणि साठवण म्हणजे वाळवण, हे तिचं पक्कं. चैत्र लागला की गच्ची तिच्या ताब्यात. बिबडे, कुरडया, नागलीचे पापड, वाळवलेली गवार, मेथी, कैरीच्या फोडी. चव्वेचाळीस अंशांचं ऊन आम्हाला नकोसं, तिला फुकटचा नोकर. दोन दिवसांत मेथी अशी कुरकुरीत होते की हात लावला तर भुगा. पदार्थातलं पाणी गेलं की तो टिकतो, एवढं एकच शास्त्र तिने आयुष्यभर वापरलं. त्यात मी ओल्या टोमॅटोचा पाणचट लगदा काचेत कोंडायला निघालेलो. तिच्या मते मी नासवायचीच तयारी करत होतो.

पहिल्या वर्षी तिचंच खरं ठरलं. मी जॅमच्या जुन्या बरण्या घेतल्या, जुनीच झाकणं लावली, गरम रस काठोकाठ भरला आणि फळीवर मांडून कौतुकाने बघत बसलो. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सकाळी एक झाकण कपाटाखाली, भिंतीवर लाल नक्षी आणि शेजारच्या दोन झाकणांना पोट आलेलं. माय म्हणाली, वास तर घेऊन बघ. मी वासही घेतला नाही, चव तर लांबच. फुगलेल्या झाकणाखालचं काही चाखायचं नाही, गुराढोरांच्या तोंडी लागेल असंही टाकायचं नाही, एवढं तोवर वाचलं होतं. आधी भरलं आणि मग वाचलं, हा आमच्या खानदानाचा क्रम.

वाचलं ते असं. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून, त्या उकळत्या पाण्यात ठेवायची रीत काढली. 1810मध्ये सरकारने त्याला 12,000 फ्रँक इनाम दिलं. गंमत अशी की अन्न का टिकतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. हवा बाहेर गेली म्हणून टिकतं, असं त्याला वाटे. जंतूंचा हिशेब पाश्चरने पन्नासेक वर्षांनी मांडला. हे मी मायला सांगितलं, कारण लोणच्याच्या बरणीत ओला हात का घालायचा नाही, याचं कारण तिनेही मला कधी दिलेलं नाही. घालायचा नाही म्हणजे नाही.

पण काही जंतूंचं बीज उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. बोटुलिझमचं विष करणारा जंतू त्यातलाच. हवा नसलेली, आंबटपणा कमी असलेली ओलसर जागा त्याला मानवते, म्हणजे नीट बंद केलेली बाटलीच. म्हणून आंबटपणाची एक रेघ आखलेली आहे, पीएच 4.6. पदार्थ रेघेच्या खाली, म्हणजे पुरेसा आंबट असला, तर उकळतं पाणी पुरतं. वर असला तर 116 अंशांच्या आसपास तापवणारं खास भांडं लागतं. शिट्टीच्या कुकरवर ते निभत नाही, तो फार लवकर तापतो आणि फार लवकर निवतो.

आता आपल्या जिल्ह्याचं नशीब बघा. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, दोन्हीचा आम्हाला कोण अभिमान, आणि बाटलीत भरायला दोन्ही नापास. केळी रेघेवर घुटमळते, वांगं तर सरळ पलीकडे. भरीत भरून पुण्याच्या लेकीला पाठवावं, असं माझ्या मनात होतं. बामणोदचं हिरवट, भरदार वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत ठेचलेलं, त्यावर कांद्याची पात आणि तेल. विषाला याहून चांगलं घर कुठलं! तो बेत सोडला. चंपाषष्ठीला यायचं आणि खायचं, असं लेकीला कळवून टाकलं. खरं तर ते बरंच झालं. बारमाही भरीत मिळालं असतं तर त्याच्या जोडीच्या कळण्याच्या पुरीची वाट कोणी पाहिली असती?

टोमॅटो मात्र नेमका रेघेवरचा. कधी अलीकडे, कधी पलीकडे. म्हणून त्यात वरून आंबट घालायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीला पाव चमचा लिंबूसत्त्व. दुकानातून पुडी आणली तर माय भडकली.

"घरमा निंबू शेतस, मंग हाई पूड कसाले आनी?"

प्रश्न बरोबर होता. परसात लिंबाचं झाड, खाली सडा पडलेला. पण एक लिंबू दुसऱ्याइतकं आंबट असेलच असं नाही आणि इथे अंदाज चालत नाही. हे तिला पटलं नाही. हाताच्या अंदाजावर जिने साठ वर्षं लोणची घातली आणि एकही नासलं नाही, तिला मी चमच्याचं माप शिकवत होतो.

दुसऱ्या वर्षी झाकणं नवी घेतली. दहा किलो टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून सोलले, चिरले, पातेल्यात पाच मिनिटं खदखदवले. बाटल्या भरताना वर बोटाच्या पेराएवढी जागा सोडली, काठ ओल्या फडक्याने पुसला, कारण काठावर एक बी चिकटलं तरी झाकण धरत नाही. मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडकं, त्यावर बाटल्या, झाकणांच्या वर इंचभर पाणी आणि उकळी फुटल्यापासून पस्तीस मिनिटं. मग चिमट्याने काढून, वारा लागू न देता, गोधडीवर एकेक ठेवल्या. एकूण सोळा.

आणि बसून राहिलो. आतली वाफ निवते, आकसते आणि झाकणाचा मधला फुगवटा खाली ओढला जातो, तेव्हा आवाज येतो. टक. फार मोठा नाही, भिंतीवरच्या पालीने जीभ वाजवावी एवढाच. पहिला आवाज आला तेव्हा माय कुरडयांचा गहू भिजवत होती. ती थांबली.

"वाजनं का?"

"वाजलं."

मग ती पदराला हात पुसत आली आणि खुर्ची ओढून बसली. आखो एक वाजनं. चौथं. सातवं. मधे बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ दोन. नळ आला तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. पंधरा वाजल्या. सोळावीवर बोट दाबलं तर ते वरखाली होत होतं. ती त्याच रात्री रश्श्यात गेली.

फळीवर ठेवायला निघालो तर नवीच अडचण. भरलेल्या बाटल्या पस्तीस अंशांच्या वर ठेवू नयेत, असं लिहिलेलं. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात भिंतसुद्धा त्याहून गरम. ज्या उन्हाने बिबडे कडकडीत होतात, तेच ऊन माझ्या बाटल्यांच्या मुळावर आलेलं. उपाय मायनेच काढला. गावी आमचं जुनं धाब्याचं घर आहे. वर मातीचं जाड छत, हातभर रुंदीच्या भिंती. त्याच्या माजघरात भर वैशाखातही चादर लागते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पंधरा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून गावी नेल्या. माजघरात तिच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या तोंडाला दादरा बांधलेला. त्यांच्या शेजारी माझ्या बाटल्या मांडल्या. मी बाहेर पाय धुवायला गेलो आणि परत आलो, तर माय जुन्या मलमलच्या धोतराचे चौकोन फाडत बसलेली. प्रत्येक बाटलीच्या झाकणावर दादरा घालून सुतळीने आवळत होती.

म्हटलं, अगं, हवाबंद आहे ते. आता मुंगीही शिरणार नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पुढची बाटली ओढली.